आतली कडी

नवी खोली दाखवली की मावशी पाणी कधी येतं, भाडं किती, काही विचारायच्या नाहीत. दार ओढून घ्यायच्या, आतली कडी तीनदा लावून काढायच्या आणि म्हणायच्या, "लागती. मग घर हाय हे."

सरकारी दवाखान्यात आया म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर दर रविवारी इंदापूरहून एसटीनं बारामतीला यायच्या, आमच्यासाठी. आम्ही म्हणजे पाचसहा हौशी मंडळी. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागतं. त्यांना खोली बघून द्यायची, कामाला लावायचं, पाय रोवेपर्यंत सोबत राहायचं. मी कॉलेजात शिकवतो, तेव्हा शिकवायची खोड आहेच. मुलाखत कशी द्यावी यावर माझं व्याख्यान चालू झालं की मावशी खुशाल डुलकी काढायच्या.

आमची पहिली मुलगी रेश्मा. कामाच्या पहिल्याच दिवशी ती दुकानात पोचली नाही. मी तणतणत खोलीवर गेलो, तर बाईसाहेब अंघोळ करून, डबा भरून कॉटवर बसलेल्या. दार नुसतं लोटलेलं. अकरा वाजून गेले होते.

"सर, बेल झालीच नाही," ती म्हणाली.

बालगृहात उठायची बेल, जेवायची बेल, बाहेर पडायची बेल. आम्ही तिला सगळं शिकवलं होतं, आपलं दार आपण उघडायचं असतं एवढं सोडून. तरी मी तिच्यावरच ओरडलो. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी मावशी तिला म्हणाल्या, "मी भाईर बसती. तू आतनं कडी लाव. मी ठोठावीन, सर हाका मारतील, तरी उघडायचं न्हाय. तुझ्या मनात येईल तवाच उघड."

आम्ही दोघं उन्हात पायरीवर बसलो. मावशी मधूनच दार वाजवायच्या आणि आतून कुणी हललं नाही की खूश व्हायच्या. तासाभरानं कडी निघाली. रेश्मा म्हणाली, "मावशी, चहा टाकलाय."

पुढे मावशींनाच विसरायला होऊ लागलं. एकदा भलत्याच थांब्यावर उतरल्या आणि हायवेच्या कडेनं चालताना सापडल्या. तेव्हापासून मुलगा-सून कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतात. मुलाला दोष कसा देऊ? मलाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

परवा रेश्माला घेऊन इंदापूरला गेलो. दाराला कुलूप, खिडकीच्या गजांमागे मावशी. त्यांनी मला ओळखलं नाही, रेश्मालाही नाही. "दार उघडंना झालंय गं बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला तिथं उभं राहवेना, मी दारापुढच्या पायरीवर जाऊन बसलो.

रेश्मानं गजांतून त्यांचा हात धरला. "मावशी, आतनं कडी लावा बघू."

त्या उठल्या. कडी तीनदा लावून काढल्याचा आवाज आला, मग चौथ्यांदा लागली ती लागलीच. "लागती," आतून समाधानानं म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगा आला. कुलूप काढून त्यानं दार ढकललं, ते उघडेना. घाबरून त्यानं दारावर मूठ उगारली, तशी रेश्मा मध्ये उभी राहिली.

"थांबा दादा. त्यांच्या मनात आलं की उघडतील."

तो माझ्याकडे बघू लागला. मी सरकून त्याला पायरीवर जागा करून दिली.