मोटरच्या थांब्याचा दगड

मोटर कुठं थांबावी यावरून आमच्याकडं डोकी फुटली, असं सांगितलं की नातसुना हसतात. त्यांच्यासाठी हात केला की एसटी थांबते. आमच्या वेळी त्या एका थांब्यापायी एका माणसाचा डोळा गेला, माझ्या बापाची बोटं गेली आणि माझी शाळा सुटली.

निजामाचं राज्य होतं. दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, म्हणून पेट्रोल मिळत नव्हतं. येरमाळ्याकडून धाराशिवला जाणारी मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी बांधलेली असायची आणि माणसं खाली उतरली की तोंडं काळी झालेली असायची. आमचं गाव सडकेपासून आत, ओढ्यापलीकडं. मोटर सडक सोडून गाडीवाटेनं वेशीपर्यंत जायची, तिथं माणसं घ्यायची आणि आल्या वाटेनं सडकेला यायची. पावसाळ्यात काळ्या रानात रुतायची. मग पाटलाचे बैल जुंपून तिला ओढून काढायचे आणि पाटील ते महिनाभर सांगत बसायचा.

सडकेच्या कडेला कापसातली सरकी काढायचा कारखाना, जिन, निघाला, तशी त्याच्याभोवती पेठ वाढली. कामगार, दोन-चार वाणी, पिंजारी, लोहार. माझा बाप जिनात रुईच्या गाठी आवळायचा. दरवर्षी नव्या झोपड्या, नव्या भिंती उभ्या राहत होत्या. मोटर आमच्या दारावरून धूळ उडवत जायची. जिनाच्या विहिरीवर पाण्यासाठी थांबायचीसुद्धा, पण तिथं माणूस चढवायचा हुकूम नव्हता. मोटर धरायची तर ओढा ओलांडून वेशीत जायचं, तेही पाटलाच्या वट्ट्याखालून. वट्ट्यावर बसलेल्यांना रामराम घातल्याशिवाय पेठेतला माणूस पुढं गेलेला खपत नसे. एका पिंजाऱ्यानं घातला नाही, तर त्याला त्याच्याच चपलेनं तोंड सुजेपर्यंत मारलं. त्या दिवशी मी बापाबरोबर होते. बापानं रामराम घातला आणि मला दंडाला धरून ओढत नेलं.

मी पेठेतल्या शाळेत चौथी झाले. पुढची शाळा धाराशिवला. सकाळच्या मोटरनं जायचं, दिवस मावळायच्या आत यायचं, असं मी घरात रोज बोलून दाखवायचे. माय म्हणायची, "अवं, जाऊ द्या की तिला. हितं ऱ्हाऊन माझं डोस्कं खाती." बाप म्हणाला, "मोटर दारात थांबली तर जाईल. त्या वट्ट्याखालनं माझी पोर रोज जायची न्हाय."

मोटरचा ड्रायव्हर धाराशिवचा मुसलमान होता, दाढीला मेंदी लावायचा. विहिरीवर पाणी भरताना मी त्याला विचारलं, पेठेत कधी थांबणार. तो म्हणाला, "साहब आरे बेटी, देखने कू. थांबा हुआ तो मेरे बाजू बैठ. कोई कुछ नै बोलता. डर नको."

मोटरखात्याचा साहेब खरंच आला. नकाशा घेऊन तो दिवसभर ओढा, गाडीवाट, वेस आणि पेठ हिंडला. संध्याकाळी जिनाच्या आवारात सगळ्यांना बोलावलं. तो उर्दूत बोलायचा, पटवारी मराठीत सांगायचा. वाट चिखलाची आहे, आत जाऊन यायला कोळसा फुकट जातो, पेठ वाढते आहे, आणखी थोड्या वर्षांनी निम्मं गाव इथंच राहायला येईल. म्हणून थांबा सडकेला, जिनापाशी.

पाटील उठला. "मोटर वेशीत येती म्हणून गावाला गाव म्हणत्यात. उद्या आमी काय पिशव्या घिऊन तुमच्या दारात हुबं ऱ्हायचं?"

बाप म्हणाला, "या की. आमी न्हाय का येत तुमच्या वट्ट्याखाली? आमी बी रामराम घिऊ."

पेठेतले लोक हसले. पाटलाच्या पुतण्यानं तिथंच बापाच्या कानाखाली मारली. साहेबानं बापाकडं बोट करून विचारलं, हा काय म्हणतो. पटवारी म्हणाला, "हुजूर, खुशी जाहीर करतोय."

साहेबानं सडकेच्या कडेला गुडघाभर दगड रोवायला लावला. त्याला चुना फासला आणि काळ्या रंगानं उर्दूत आणि मराठीत मोटर असं लिहिलं. साहेब गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातले वीस-पंचवीस जण पहारी घेऊन आले. दगड उपटला आणि जिनाच्या विहिरीत टाकला. आमचे लोक काठ्या घेऊन धावले, तर ओढ्याच्या काठावर त्यांनी गोफणी लावून ठेवलेल्या. हुरड्यावरची पाखरं हाणायच्या गोफणी. एक धोंडा लोहाराच्या कपाळात बसला आणि तो सडकेवर उभ्या जागी आडवा झाला. चपलेचा मार खाल्लेल्या पिंजाऱ्यानं मागचा सगळा हिशेब काढला. पाटलाच्या एका गड्याला त्यानं ओढ्यात पाडलं आणि तोंड पाण्यात दाबून धरलं. माणसांनी त्याला मागून ओढलं नसतं तर गडी मेलाच असता. बायका घरांच्या दारांतून ओरडत होत्या. माझी माय ओरडत नव्हती. तिनं जळतं लाकूड घेऊन घरात शिरू पाहणाऱ्या एकाच्या हातावर दाबलं. त्या मांसाचा वास मला आजही ओळखता येतो.

पोलीस आले. दोन्हीकडच्या लोकांना चावडीवर फटके मारले. विहिरीतून दगड काढून पुन्हा रोवला. पण सगळ्यांना ठाऊक होतं, पोलीस गेले की दगड पुन्हा जाणार.

माय त्या दिवशी वाटीत तेल घेऊन बसली, त्यात शेंदूर कालवला आणि भर उन्हात जाऊन दगडाला वरून खालपर्यंत फासला. मोटर ही अक्षरंही झाकली गेली. बापानं विचारलं, "ह्ये काय केलंस?"

"आता उपटून दाव म्हणावं पाटलाला."

कुणी उपटला नाही. गावातले गडी पहारी घेऊन पुन्हा आले, दगड पाहिला, एकमेकांकडं पाहिलं आणि परत गेले. एकानं जाताना चप्पल काढून हात जोडले. मोटर थांबू लागली. मी ड्रायव्हरशेजारी बसून धाराशिवला गेले, शाळेत नाव घातलं. महिनाभर गेले असेन. तेवढ्यात मला कळलं की मला हिशेबापेक्षा भूगोल आवडतो. पुढं त्याचा काही उपयोग झाला नाही.

पण देव झाला की झाला. आठवडाभरात एका वाण्याच्या स्वप्नात दगड आला. मग कुणाचं जनावर बरं झालं, कुणाला मुलगा झाला. नारळ फुटू लागले. घंटा आली, झेंडा आला. गावातल्या बायकाही ओढा ओलांडून येऊ लागल्या. एका मंगळवारी मोटर उभी असताना तिच्या चाकाशी कोंबडा कापला आणि रक्त उडून आत बसलेल्या वकिलाच्या धोतरावर पडलं. मायला लोक विचारायचे, तुला दृष्टांत कसा झाला. ती म्हणायची, "मला कसला दृष्टांत. तेल लागलं पावशेर."

पाटलाला हवं ते आयतंच मिळालं. त्या राज्यात परवानगीशिवाय नवं देवस्थान उभं करायला बंदी होती. त्यानं वर कळवलं. तोच साहेब पुन्हा आला. या वेळी नकाशा नव्हता, बंदूकवाले शिपाई होते. त्यानं शेंदूर पाहिला, घंटा पाहिली. दगड काढावा तर दंगा होणार आणि ठेवावा तर बिनपरवान्याच्या देवापाशी सरकारी थांबा राहू शकत नाही. मग त्यानं दगड ठेवला आणि थांबा परत वेशीत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी-दप्तर घेऊन उभी होते. पेठेतले पुरुष सडकेवर आडवे उभे राहिले, बाप सगळ्यांत पुढं. बाप म्हणाला, "थांबव, पोरीला घे."

ड्रायव्हरनं मोटर हळू केली. खिडकीतून म्हणाला, "हुकूम नै भाई. नोकरी जाती मेरी. वेशीत आनके दे, मैं ले जातूं."

वेशीत हा शब्द त्यानं उच्चारला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. बापानं त्याला खिडकीतून मानगूट धरून बाहेर ओढलं. गाठी आवळणारे हात होते ते. आपटून सडकेवर टाकला आणि बाकीच्यांनी लाथा घातल्या. कुणाच्या तरी काठीचं टोक त्याच्या डोळ्यात गेलं. मोटरच्या काचा फुटल्या. मी बापाच्या पाठीवर दप्तर मारत होते, पाटी आत मोडली. तो वळला आणि मलाही एक लगावली. मेंदीची दाढी रक्तानं चिकटली होती. ड्रायव्हर "अम्मा, अम्मा" म्हणत होता. मग मायनं मधे पडून त्याला धरला, पदरानं डोळा दाबला आणि बापाला म्हणाली, "ह्येच्या मांडीला मांडी लावून तुझी पोर जात हुती, मेल्या."

तिनं बापाला तू म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

पोलिसांनी बापाला धाराशिवला नेलं. परत आला तेव्हा उजव्या हाताची बोटं आत वळलेली होती, सरळ होत नव्हती. बंदुकीच्या दस्त्यानं ठेचली, एवढंच तो बोलला. जिनानं त्याला कामावर घेतलं नाही. मोटरही बंद झाली, वेशीतही येईना आणि पेठेतही थांबेना. गावातले लोक पेठेला शिव्या द्यायचे, पेठेतले पाटलाला. ड्रायव्हरचं पुढं काय झालं ते कळलं नाही. मायनं विचारायला माणूस पाठवला होता, त्याच्या घरच्यांनी दार उघडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न लावलं.

राज्य गेलं, एसटी आली. साहेब म्हणाला होता तसं निम्मं गाव सडकेला राहायला आलं आणि थांबा त्याच दगडापाशी झाला. आता त्यावर मंडप आहे. मोटर सुटायच्या आधी ड्रायव्हर देवाला हात जोडतो.

माय म्हातारपणी माझ्याकडं यायला तिथूनच एसटीत बसायची. बायका नमस्कार करायच्या, ही पाठ करून उभी राहायची. एकदा मी तिला न्यायला गेले होते, तेव्हा एका बाईनं तिला टोकलं, "आज्जे, देवाला पाया तरी पड."

माय म्हणाली, "त्यो दगड हाय. शेंदूर म्या फासलाय." आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवून मला म्हणाली, "चढ लवकर. ही थांबलीय तवर चढ."