पोस्टरवरचं नाव

कुठल्याही पोस्टरसमोर उभे राहिले की पेंटर डोळे बारीक करायचे, तीनपर्यंत मोजायचे आणि सरळ पाठ फिरवायचे. मग शेजारी जो कोणी असेल त्यालाही पाठ फिरवायला लावून विचारायचे, "काय दिसला ता सांगू नको. काय रवला ता सांग."

एसटीच्या खिडकीतल्या माणसाला पोस्टर तेवढाच वेळ दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात जे मनात राहील, तेच त्याला शुक्रवारी परत आणणार. बाकी सगळी रंगाची नासाडी.

आमच्या कट्टा गावच्या बाजारात पत्र्याचं टॉकीज होतं, तिथले ते पेंटर. सगळे त्यांना पेंटरच म्हणत. मी काका म्हणायचो. दर आठवड्याला त्याच एका मोठ्या पत्र्यावर चुना फासून ते नवा सिनेमा काढायचे. म्हणजे त्यांची सगळी चित्रं एकाखाली एक गाडली गेली. तुमच्या गावातही असा एखादा पत्रा असेल, आणि तो कोण रंगवतो हे तुम्हीही कधी विचारलं नसेल.

त्यांचे नियम पक्के होते. मारामारीचा सिनेमा असेल तर अक्षरं तिरकी, घरगुती असेल तर सरळ. खलनायक कोपऱ्यात, त्याच्या तोंडावर खालून हिरवा उजेड. रडका सिनेमा असला की आईचं कुंकू जरा मोठं, म्हणजे दुपारच्या खेळाला बायका येतात. आणि नायकाचे डोळे नेहमी तिकिटाच्या खिडकीकडे वळलेले. "तो बघता थंय लोक बघतत," ते म्हणायचे. मी स्वतः तपासलंय. लोक खरंच तिकडे बघायचे.

एकदा मात्र त्यांनी कहर केला. सिनेमा सगळा डोंगरातला, दरोडेखोरांचा. ह्यांनी मागे उसळलेला समुद्र आणि वादळात सापडलेली होडी काढली, कारण मालवणच्या बंदरावरची माणसं कट्ट्यापर्यंत यायला हवी होती. ती आली, आणि भरभरून आली. मध्यंतरात तीच माणसं पेंटरांच्या अंगावर धावली.

"होडी खंय आसा?"

"होडी पयल्याच रिळात बुडली," पेंटर शांतपणे म्हणाले. "तुमी उशिरा इलास."

पत्र्यावर नाव घालायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. मालकाने एकदा कोपऱ्यातली त्यांची सही स्वतः फडक्याने पुसली होती. "नाव हिरोचा. पेंटराचा न्हय." हे सांगताना ते हसायचे, पण सांगायचे फार वेळा. एका तरी पोस्टरवर आपलं नाव असावं आणि ते आपल्या बाजारात लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते पुरतं माहीत होतं.

टॉकीज बंद पडलं, तिथे सिमेंटचं गोदाम झालं. त्याच सुमारास मी फ्लेक्सचं मशीन आणलं. अक्षरं काढायला मी त्यांच्याकडेच शिकलो होतो, आणि पेंटरांचं काम बंद पाडणारं मशीनही मीच आणलं. ते रागावले नाहीत. रोज सकाळी दुकानात येऊन खुर्चीवर बसायचे आणि माझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सांना शिव्या घालायचे. "वीस तोंडां! रे, ही पंगत बसली हा काय? बघूचा खंय माणसान?" मी हसायचो आणि एकविसावं तोंड चिकटवायचो.

दोन वर्षांपूर्वी मुंबईची माणसं सिनेमा काढायला इकडे आली. त्यांतल्या एका बाईंनी चहाच्या हॉटेलात पेंटरांनी रंगवलेली पाटी पाहिली आणि आमच्या पोस्टरला असाच हात हवा म्हणत त्या पेंटरांचं घर शोधत गेल्या. पेंटरांनी एकच अट घातली. खाली उजव्या कोपऱ्यात नाव.

पंधरा दिवस घरासमोरच्या खळ्यात प्लायवूड उभं करून ते रंगवत होते. हात कापायचा, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. सिनेमातल्या पोरीचा काय चेहरा काढला होता! मी तीन मोजून पाठ फिरवली, तर त्या पोरीची नजर अजून मानेवर होती. मी तसं म्हणालो तेव्हा ते एवढे लाजले की घरात निघून गेले.

सिनेमा कट्ट्याच्या सभागृहात दाखवायचं ठरलं, एका स्थानिक पुढाऱ्याच्या सौजन्याने. मुंबईहून पोस्टरची फाइल फ्लेक्स छापायला माझ्याकडे आली. कोपऱ्यात पेंटरांचं नाव होतं, स्वच्छ, त्यांच्याच अक्षरात. मुंबईकरांनी शब्द पाळला होता.

मग पुढाऱ्याचा माणूस आला. साहेबांचा फोटो आणि शुभेच्छुकांची चौदा तोंडं, सगळी खालच्या पट्टीत घालायची होती. मी म्हटलं, खाली पेंटरांचं नाव आहे. तो म्हणाला, "पेंटराच्या नावार मतां पडतली काय? घाल वरसून पट्टी."

मी घातली. नाव उचलून वर, पोरीच्या खांद्याजवळ ठेवता आलं असतं. तिथे जागा होती आणि एका मिनिटाचं काम होतं. पण निवडणूक तोंडावर होती, त्या माणसाची कामं मला हवी होती आणि त्याला दुसऱ्यांदा विचारायची मला भीती वाटली. एवढंच कारण. याहून बरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

फ्लेक्स लागला त्या सकाळी पेंटर इस्त्रीचा सदरा घालून, काकींना घेऊन बाजारात आले. बराच वेळ उभे राहिले. मग काकींना बाकावर बसवून एकटेच दुकानात आले.

"मुंबयसून इला तेच्यात माझा नाव होता काय रे?"

"नाय, काकानू," मी म्हणालो. "नव्हता."

"बरा," ते म्हणाले.

"मुंबयकार तसलेच," मी वर आणखी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं तरी.

त्यांनी मान हलवली, पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. पुढचा महिनाभर ते रोज येत राहिले, पण माझ्या कामाला नावं ठेवायचं त्यांनी बंद केलं. वीस तोंडांचा फ्लेक्स दाखवला तरी "बरो आसा" म्हणायचे. मग त्यांचं येणंही थांबलं, आणि गेल्या मे महिन्यात ते गेले.

बाराव्याला काकींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून गुंडाळी काढून पलंगावर उलगडली. मुंबईहून आलेलं छापील पोस्टर होतं ते. पट्टी नव्हती. कोपऱ्यात नाव होतं.

"त्या बायन पाठयल्यान," काकी म्हणाल्या. "तुझो फ्लेक्स लागाच्या आदल्या आठवड्यात."

म्हणजे दुकानात आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मगे माका बोललेत कित्याक नाय?" मी कसंबसं म्हणालो.

काकी गुंडाळी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बोललेत मां," त्या म्हणाल्या. "तुका इचारल्यानी."