आमच्या हातांनी सोडलेलं पाणी

बाजेखाली शेगडी होती. सून बाळंत झालेली, नातीचं बारसं अजून व्हायचं होतं. शेगडीवर ओवा-शेपा टाकून मी शेक देत होते आणि बाहेर सकाळपासून पाऊस कोसळत होता. उंबऱ्यावरून पाणी आत आलेलं, घोटा बुडेल एवढं. बाजेच्या पायांना विटा लावल्या होत्या, शेगडीलाही विटा. आमच्याकडं पावसाळ्यात सगळं असंच होतं. पाण्याच्या वर.

तेवढ्यात वस्तीच्या तोंडाशी, वरच्या काँक्रीटच्या रस्त्यावर अण्णा येऊन उभा राहिला. अण्णा म्हणजे गावचा माजी सरपंच, सगळ्यात मोठ्या द्राक्षबागेचा मालक. डोक्यावर छत्री, मागं एक गडी. खाली पाय टाकला नाही. वरूनच ओरडला,

"ए म्हातारे, बाया काढ बाहेर! मारुतीपुढची मोरी तुंबली. देवळात पाणी शिरतंय."

मी दारातून म्हणाले, "अण्णा, आमच्या घरात शिरलंय हो. बाळंतीण हाय घरात."

"तुमच्याकडं दर वर्षीच शिरतं. तुम्हाला सवय हाय त्याची. देवाला नाय."

आणि गड्याच्या हातातलं फावडं घेऊन त्यानं खाली टाकलं. आमच्या चिखलात. मला वाकून उचलावं लागेल असं.

मी उचललं.

लोक मला विचारतात, आजी, आता कुठं राहिलंय असलं काही? बरोबर आहे. आता जातीचं नाव कुणी घेत नाही. शहाणे झालेत. 'तुम्ही लोक' म्हणतात. 'तुमच्याकडं' म्हणतात. अण्णा माझ्यापेक्षा वयानं लहान, त्याचं नाक गळताना मी बघितलेलं आहे. तरी मी त्याला अहो-जाहो करायची आणि तो मला अगं-तुगं. असं का, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप येत होतं.

आम्ही सगळ्या बाया गेलो. पुरुष माणसं मजुरीला गेलेली. सून आणि बाळ तेवढी घरात.

मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी टाकलेला सिमेंटचा पाइप. गाव चढाला, आम्ही उताराला. वरच्या आळीचं सगळं पाणी त्या पाइपातून खाली येतं. तो तुंबला की देवळापुढं तळं होतं आणि गावाला आम्ही आठवतो. फावडं आत चालत नाही. खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, तोंड एका बाजूला करून. मग एकेक निघतं. निर्माल्य. नारळाच्या शेंड्या. गुटख्याच्या पुड्या. पोरांचे डायपर. बागेवर फवारायच्या औषधांच्या बाटल्या. पार्वतानं झेंडूचा एक कुजका हार ओढून काढला. पार्वता माझ्या शेजारची, नवरा गेलेली, दोन पोरं पदरात, पण तोंड असं की रडणारा हसेल. म्हणाली, "बाई, हा अण्णाच्या गाडीचा हार. दसऱ्यापासून तुंबून बसलाय, मालकासारखा."

आम्ही हसलो. हो, हसलो. त्या घाणीत उभं राहून.

चहा आला. कागदी कपात. पूर्वी आमच्यासाठी कपबशी वेगळी ठेवायला लागायची, कुठल्या कोनाड्यात ठेवली ते लक्षात ठेवायला लागायचं. कागदी कप आले आणि गावाची ती कटकट मिटली.

मग मोरी सुटली. पोटात गुरगुरल्यासारखा आवाज झाला आणि पाणी असं ओढलं गेलं की पार्वताची चप्पल त्यात गेली. "सुटली! सुटली!" आम्ही ओरडलो. टाळ्या वाजवल्या. देवळाच्या ओट्यावरून अण्णा म्हणाला, "शाब्बास! घाण काढावी तर तुम्हीच."

घरी आले तर सून बाजेवर पाय वर घेऊन बसलेली. बाळ छातीशी घट्ट. घरात पाणी गुडघ्याला. शेगडी विझून कोळसे पाण्यावर तरंगत होते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आत्ताच आलं हो एवढं. हळूहळू नाय. लोंढाच आला. शेगडी फुस्स झाली. मी हाका मारल्या, वस्तीत कुणीच नाय."

"आत्ता म्हणजे कधी?"

"तिकडं तुम्ही सगळ्या सुटली सुटली वरडल्या ना, मला ऐकू आलं. अन् लगेच."

मी तशीच उभी राहिले. ओल्या लुगड्यानिशी. हाताला मोरीचा वास.

किती वर्षं आम्ही मोरी काढत होतो. माझी सासू काढायची, मी काढते. दर वेळी वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया तिकडं असायच्या आणि इकडं बघायला घरात कुणी नसायचं. परत यायचो तर पीठ भिजलेलं, गोधड्या भिजलेल्या, कोंबड्या गेलेल्या. मग आम्ही दारात उभं राहून आभाळाला शिव्या घालायचो. यंदा पहिल्यांदा घरात एक माणूस राहिलं, तेही बाळंतीण म्हणून. आणि तिनं बघितलं, आभाळानं काही केलं नव्हतं. गावाचं पाणी आम्हीच आमच्या घरावर सोडत होतो. दर वर्षी. आमच्या हातांनी. वर टाळ्या वाजवून.

नातीच्या छातीत घरघर सुरू झाली. सरकारी दवाखान्यात ठेवली. वाचली. पण अजून जरा गार वारं लागलं की तिचा श्वास वाजतो. तो आवाज ऐकला की मला माझे हात दिसतात.

मग मी दवाखान्याच्या बाकावर बसून विचार करायला लागले. तोवर मी नुसती बोलत होते. बोलायला मी पहिल्यापासून भारी.

पूर्वी हे पाणी कुठं जायचं? मला आठवतं ना. वस्तीच्या वरच्या अंगाला एक नाला होता. मोरीतून आलेलं गावाचं पाणी त्यात पडायचं आणि नाला वळून ओढ्याला मिळायचा. मी नवी नवरी होते तेव्हा त्यात धुणं धुतलेलं आहे. पुढं अण्णाच्या बापानं बाग लावली. बाग वाढत वाढत नाल्यापर्यंत आली, आणि अण्णाच्या हातात कारभार आला तसा मुरूम पडला, नाला बुजला. त्यावर द्राक्षाची आणखी एक ओळ उभी राहिली. एक ओळ. तेव्हापासून गावाचं पाणी ओढ्याला नाही, आमच्याकडं वळतं.

आणि मागच्याच्या मागल्या उन्हाळ्यात तर गावात नवं गटार बांधलं. मोठी पाटी लावली. मी शाळेत गेलेली नाही, पण पोरांची पुस्तकं बघून बघून लिहा-वाचायला शिकले, कुठं काही लिहिलेलं दिसलं की सोडत नाही. वाचलं मोठ्यानं, 'पावसाळी पाणी निचरा सुधारणा.'

पार्वतानं विचारलं, "निचरा म्हणजे काय हो बाई?"

"पाणी काढून लावणं."

"कुठं?"

"ते नाय लिहिलं."

गटार वरच्या आळीतून आलं, छान गुळगुळीत, आणि मोरी ओलांडून आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबलं. तिथंच. जणू पुढं गाव नाही. साहेब आले होते, चांगला तरुण माणूस, गॉगल लावलेला. मी विचारलं, "साहेब, पुढं काय?"

"पुढं नैसर्गिक उतार आहे, आजी. पाणी आपोआप जाईल."

"त्या उतारावर माझी चूल हाय, साहेब."

साहेब अण्णाकडं बघून हसले. अण्णा म्हणाला, "आता ही आली पाण्याला रस्ता दाखवायला!" सगळे हसले. मीही थोडी हसले. मोठ्या माणसांत आपण एकटंच गप्प बसलं तर वाईट दिसतं, असं वाटायचं मला.

परतीचा पाऊस आला तसा अण्णा पुन्हा आला. तोच रस्ता, तीच छत्री. "ए म्हातारे, मोरी!"

बाया माझ्या ओट्यावर जमलेल्या होत्या. सुनेनं काय बघितलं ते मी सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं होतं.

मी म्हणाले, "येत नाय."

"काय?"

"येत नाय. मोरी सुटली की पाणी माझ्या नातीच्या बाजेखाली येतं. माझ्या हातानं मी ते आणणार नाय."

"अगं, देवळात पाणी जाईल!"

"मग अण्णा, तू उतर खाली. वाक. हात घाल. खांद्यापर्यंत जातो."

त्याचा चेहरा असा झाला की वाटलं छत्रीच फेकून मारतो आता. पण तो हळू बोलला. "छाटणी तोंडावर हाय. छाटलेल्या काड्यांना फुटव्याच्या औषधाची पेस्ट लावायला कोण येतं बघतो मी. एकीचा पाय बागेत पडू देणार नाय." आणि गेला.

वर्षाची मजुरी आम्हाला त्या बागांतूनच मिळते, आणि एका बागायतदारानं नको म्हटलं की बाकीचेही नको म्हणतात. पार्वता म्हणाली, "भांडलो ते बरं केलं. पण चुलीचं काय?"

"पाण्यात चूल पेटती का, पार्वते?"

ती एकदम म्हणाली, "बाई, पण तुम्ही अण्णाला अरे म्हणालात!" आणि सगळ्या खो-खो हसल्या. भीतीनं हसतात तसं.

त्या दुपारी पाणी देवळाच्या पायऱ्या चढलं. देवळाशेजारच्या अण्णाच्या घराच्या ओट्याला लागलं. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगू.

पण तो आनंद दिवस मावळेपर्यंतही टिकला नाही. बागेत छाटणीसाठी पेठकडच्या डोंगरातल्या मजूर बाया येऊन उतरल्या होत्या, ताडपत्रीच्या खोपटात. अण्णानं त्याच मोरीवर आणल्या. मी पळत गेले. त्यातली एक पाठीला पोर बांधून मोरीत वाकलेली. तिचा हात धरला आणि म्हणाले, "बाई, दोन घटका चल माझ्यासंगं." घरी आणली. बाज दाखवली, विटा दाखवल्या, नात दाखवली. मोरीचं पाणी कुठून कुठं येतं ते बोटानं दाखवलं. चहा दिला, आमच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात. तिनं शांतपणे प्याला. माझ्या नातीच्या गालाला हात लावला.

म्हणाली, "आमालाबी कळतं, आई. पन मी नाय म्हनले तं उद्या गाडीत बसवून माघारी धाडंल. घरी काय खायाचं?"

आणि ती गेली. मोरी सुटली. पाणी आलं. तोवर आम्ही सुनेला आणि बाळाला शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं होतं.

मी त्या बाईला शिवी दिली नाही. तिला काय देणार? मी स्वतः इतकी वर्षं काढत होते ना. पण त्या व्हरांड्यात बसून मला एक गोष्ट पक्की कळली. आमचा हात नाही तर दुसऱ्याचा हात. भुकेला हात अण्णाला कुठूनही मिळतो, आणि उद्या तो मशिन आणेल, म्हणजे हातही लागणार नाही. मोरी आमच्याशिवाय सुटेल आणि पाणी आमच्याच घरात येईल. मग नुसतं 'येत नाही' म्हणून भागत नाही.

ग्रामसभेत मी उभी राहिले. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, बसून बोला."

"उभी राहूनच बोलते. गटार ओढ्यापर्यंत न्या. नाला उघडा."

अण्णा पाय पसरून म्हणाला, "कुठंय नाला? दाखव की."

"तुझ्या बागेच्या शेवटच्या ओळीखाली."

म्हातारी माणसं खाली बघायला लागली. त्यातल्या दोघा-तिघांनी त्या नाल्यात बैल धुतलेले आहेत, मला माहीत आहे. एकानंही तोंड उघडलं नाही. ग्रामसेवक म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा झाली, त्यात वेळ संपली. गॉगलवाले साहेब टेप घेऊन आले, अण्णाकडं सरबत प्यायले, गेले. मी तहसीलला जाऊन आले, तिथं म्हणाले, गावातच मिटवा. गावात म्हणतात, आजी, तुमचं वय झालं, कशाला डोक्याला ताप. आम्हाला अजून बागेत काम नाही. पहाटे पिकअपमध्ये उभं राहून बाया सटाण्याकडं कांदे भरायला जातात. पार्वताही जाते. शिव्या मला देते, पण मोरीवर गेली नाही.

आता ऊन तापलंय. गटारात वाऱ्यानं पाला भरत चाललाय. कुणाला घाई नाही.

मला आहे. म्हणून इथं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. मृग लागायच्या आत तो नाला मोकळा होणार. ग्रामपंचायतीनं मशिन लावून केला तर चांगलंच. नाही केला तर आम्ही बाया टिकाव-फावडी घेऊन त्या शेवटच्या ओळीत उतरणार. चोरून नाही, भर दिवसा, गाव बघत असताना. मुरूम आहे तिथं खणणार, ओढा दिसेपर्यंत. पोलीस बोलवायचे तर बोलवा. केस घालायची तर घाला. आणि नावं लिहायला घ्याल तेव्हा माझं सगळ्यात वर लिहा.