तीन वेळा ढॅण्ण

मामा पहिल्यांदा बोलले तेव्हा मी आतून चहाचा दुसरा ट्रे घेऊन बाहेर येत होते. तो ट्रे हातातून कसा सुटला नाही ते माझं मलाच माहीत.

धाकट्या बहिणीला बघायला धामणगाव रेल्वेची मंडळी आली होती. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचे मामा. मामांनी कप उचलला, छातीवर हात ठेवला, मान तिरपी केली आणि भारदस्त आवाज काढून म्हणाले, "चाय तो बहाना है, हमें तो खानदान आजमाना है!"

सगळे हसले. बाबा तर मांडीवर थाप मारून हसले. मी मात्र ट्रे घट्ट धरून उभी राहिले, कारण हा माणूस मी आधीच लिहून ठेवला होता.

आता हे नीट सांगायला हवं. मी लग्न होऊन अमरावतीला राहते. तिथे आम्ही तिघं मिळून इंटरनेटवर एक वऱ्हाडी कार्टून मालिका करतो. एक मित्र चित्रं काढून ती हलवतो, एक आवाजाचं बघतो, मी लिहिते आणि सगळ्या बायांचे आवाज काढते. मालिकेतलं घर भाजीवाल्यांचं आहे, कारण मला तेच घर ठाऊक. आमचा मळा अकोल्याच्या बाहेर, घर जुन्या शहरात, आणि माझं बालपण मेथीच्या जुड्या बांधण्यात गेलं.

तेव्हा आमचा जो भाग तयार होऊन पडला होता तो नेमका मुलगी बघण्याचा होता, आणि त्यात आम्ही टीव्हीवरची एकही गोष्ट सोडली नव्हती. पोहे चाखायला तीन परीक्षक बसतात आणि शेंगदाणा कमी पडला म्हणून त्यातला एक ढसाढसा रडतो. हुंड्याच्या विषयावर बातम्यांच्या चॅनेलसारख्या आठ चौकटी उघडतात आणि आठही जण एकदम ओरडतात. दक्षिणेकडच्या मारधाडीच्या सिनेमात जीपा उडतात, तसे आमच्याकडे फुलकोबीचे गड्डे उडतात. आणि मुलाचा मामा अख्खा भाग सिनेमाचे डायलॉग मारत फिरतो, साधं पाणी मागायचं तरी डायलॉग. "भाजी में आलू और शादी में मामा, इन के बिना सब हंगामा!" हे वाक्य मीच लिहिलेलं, आणि लिहिताना स्वतःवर बेहद्द खूश झाले होते. आता म्या काय स्वप्नात पाहिलं होतं का, की असा मामा धामणगावात खरोखर बसला आहे म्हणून!

बरं, स्थळ आणलेलं कोणी? माझ्या सासूबाईंनी. मुलाची आई त्यांची चुलतबहीण. म्हणजे सोयरीक मोडली तर अकोल्याचं घर एकीकडे, आणि अमरावतीत रोज सकाळी चहा गाळताना मला कोणाचं तोंड बघायचं होतं ते तुम्हीच समजा.

मंडळींना मुलगी पसंत पडली. साक्षगंध ठरला, म्हणजे साखरपुडा. आमच्याकडे एकदा साक्षगंध झाला की अर्धं लग्न झालंच. मी अमरावतीला परतले ती थेट चित्रवाल्या मित्राच्या खोलीवर.

"भाग थांबव," मी म्हणाले.

"वेडी झाली का व तू? किती महिने घालवले त्याच्यात!"

"मंग मामा काढून टाक."

"मामा काढला त उरते काय? उडनारी गोबी?"

पुष्कळ भांडण झालं. मी रडले सुद्धा, खोटं कशाला सांगू. शेवटी तो एवढ्यावर तयार झाला की कार्टूनमधल्या मामाची मिशी काढायची आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल चढवायचा. खऱ्या मामांना झुपकेदार मिशी होती आणि गॉगल नव्हता. तेवढा फरक पुरे, असं मीच माझ्या मनाला समजावलं.

भाग बाहेर पडला आणि चालला. असा चालला की भाजीबाजारातला हमालसुद्धा बाबांना मामाचा डायलॉग ऐकवून गेला. एरवी मी पेढे वाटले असते. आता मोबाइल वाजला की आधी नाव बघून मगच उचलायचे. सासूबाई फोनवर हळू बोलायला लागल्या की मी हातातलं काम टाकून दाराआड उभी राहायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

सगळ्यात शांत होती बहीण. मी तिला रोज फोन करायचे, तिची समजूत घालायला म्हणून, पण खरं म्हणजे तिने माझी घालावी म्हणून.

"त्यायनं पाह्यला असंल का व?" मी विचारायचे.

"पाह्यला त पाह्यला. होईल ते होईल," ती म्हणायची. एकदा थोडं थांबून म्हणाली, "ताई, मले एक सांगाचं हाय तुले."

"ढॅण्ण! ढॅण्ण! ढॅण्ण!" मी फोनवरच वाजवलं.

ती हसली आणि म्हणाली, "जाऊ दे."

ही आमच्या घरची जुनी रीत. आई रोज टीव्हीवर मालिका बघते. मालिकेत कोणी काही महत्त्वाचं बोलायला तोंड उघडलं की वीज कडाडते, आणि कॅमेरा तीन वेळा त्याच्या चेहऱ्यावर धावून जातो. बाबांनी त्याची नक्कल सुरू केली. घरात कोणी गंभीर तोंड करून "मले काही सांगाचं हाय" म्हटलं की बाबा हात वर करून तीन वेळा ढॅण्ण करायचे, मग आम्ही सगळे त्यांना साथ द्यायचो, आणि बोलणाऱ्यालाही हसू फुटायचं. घरातला ताण जायचा त्यानं. मी तेच उचलून त्या भागात घातलं होतं. कार्टूनमधली नवरी तोंड उघडते, वीज कडाडते, चेहरा तीनदा मोठा होतो, आणि लगेच साबणाची जाहिरात लागते. शेवटपर्यंत नवरी एक शब्द बोलत नाही. लोकांना मामाच्या खालोखाल आवडलं ते हेच.

साक्षगंधाच्या दिवशी मी अकोल्याला पोचले तेव्हा दारात मांडव घातला होता आणि आचारी वांग्याच्या भाजीला फोडणी देत होता. मी देव पाण्यात घालून बसले होते. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आधी मुलाची आई उतरली, मग मुलगा उतरला, आणि त्याच्या मागून मामा.

मिशी सफाचट. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं," मुलाची आई सांगत होती, "डॉक्टरनं चष्मा काढू नका म्हनलं. अन् ऑपरेशनच्या आधी न्हाव्यानं मिशी बिघडवली, मंग पूर्नच काढली."

अरे बाप्पा! मला वाटलं, ही जुन्या शहराची गल्ली दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायले. आईला म्हटलं, "आई, आता काही खरं नाई." आई म्हणाली, "काहून? मठ्ठा आंबट झाला का?"

पाहुणे बैठकीत बसले. मुहूर्ताला वेळ होता. मामांनी खिशातून मोबाइल काढला, गॉगल जरा वर करून त्यात पाहिलं आणि विचारलं, "हे कार्टून कोनं बनवलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "पन मामाजी, तुमाले भेटाच्या आधी लिहिलं होतं. आईशपथ."

"लावा टीव्हीवर," मामा म्हणाले.

कोणीतरी मोबाइल टीव्हीला जोडला. माझ्या आयुष्यात मी इतका लांब भाग पाहिलेला नाही. फुलकोबी उडाली, परीक्षक रडला, आठ चौकटी भांडल्या, आणि कोणी हसेना. सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होते, आणि गॉगलमुळे तिथे काही दिसत नव्हतं. पडद्यावरचा गॉगलवाला हंगामा म्हणून ओरडला. खुर्चीवरचा गॉगलवाला तसाच बसून होता. मुलाची आई पदर चाचपत होती. माझ्या डोक्यात अमरावतीला राहिलेल्या सासूबाईंचा आवाज सुरू झाला होता, आणि तो थांबतच नव्हता.

भाग संपला. मामा उठून उभे राहिले आणि एक हात वर करून ओरडले,

"अकोल्याच्या बजारात वांग्याले भाव,
कार्टूनमंदी गाजलं मामाचं नाव,
हर बोला हर हर महादेव!"

झडती! पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे लोक झडत्या म्हणतात. सरपंचापासून सावकारापर्यंत एकेकाला यमक जुळवून सोलून काढतात आणि मग महादेवाचा जयघोष करतात. ज्याच्यावर झडती पडते त्यानं रागवायचं नसतं.

"चाळीस वर्षं मी पोळ्यात दुसऱ्यावर झडत्या टाकून राह्यलो," मामा बाबांचा खांदा दाबत म्हणाले. "माह्यावर कोनी टाकलीच नाई. ज्याच्यावर झडती नाई तो गावात कोन हाय? कोनी नाई! आता आख्खं धामनगाव मले सलाम ठोकते. अन् माह्या ऑपरेशनची खबर पन ठेवली पोरीनं, गॉगलसकट!"

मग जो हशा उसळला तो विचारू नका. मुलाची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी मामांना मिठी मारली. मामांच्या हुकमावरून भाग टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. माझ्या मानेवरचं जोखड उतरलं, आणि ही बातमी बहिणीला सांगायला मी पळतच आतल्या खोलीत गेले.

ती नेसून तयार बसली होती. हिरवी साडी, केसात आमच्याच मळ्यातल्या शेवंतीची वेणी. बैठकीतलं हसणं तिच्यापर्यंत पोचलंच होतं.

"वाचलो व बाई!" मी तिला गदागदा हलवलं. "मामा खूश हायेत. काही मोडत नाई आता!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं.

"मामाले लिंक मीच पाठवली होती, ताई," ती म्हणाली.

मी तिचे खांदे सोडले.

"मले वाटलं, रागावतील. मोडतील. माह्या बोलन्यानं त नाई मोडत, तुया कार्टूननं त मोडंल." तिने नाक पुसलं. "मुलगा फोनवर म्हने, लग्नानंतर रोपं-बिपं बंद. आमच्या घरच्या बाया मातीत हात घालत नाई म्हने."

बहिणीची रोपवाटिका आहे. मळ्याच्या एका कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली तिने मिरची-वांग्याची रोपं लावायला सुरुवात केली, आणि आता अकोटकडचे शेतकरी गाडी करून तिच्याकडे येतात. तिच्या नखात कायम काळी माती असते. त्या दिवशी कोणीतरी ती घासून घासून काढली होती आणि बोटं लाल झाली होती.

"मंग तू सांगतलं काहून नाई?" मी चिडून विचारलं. रागच आला मला. एवढे दिवस मी जीव टांगणीला लावून बसले, आणि ही!

"कोनाले सांगू? बाबाले सांगाले गेली, आईले सांगाले गेली, तुले फोनवर सांगाले गेली." ती थांबली. "तुया कार्टूनमंदी त्या नवरीले काय सांगाचं असते, ताई? तू लिहिलं असंल ना ते?"

मी लिहिलं नव्हतं. तिला काय सांगायचं असेल हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कोणालाच कधी पडला नव्हता. बाहेरून मामांचा आवाज आला, "पोरीले आना हो, मुहूर्त झाला!"

मी बैठकीत गेले, बाबांचा हात धरला आणि त्यांना आत आणलं. त्यांच्या कपाळावर नुकताच लावलेला टिळा होता, तोंडभर हसू होतं. दार लोटून मी त्याला पाठ लावून उभी राहिले.

"बाबा, मले काही सांगाचं हाय," बहीण म्हणाली.

सवय ती सवय. बाबांचा हात वर गेला, डोळे मोठे झाले. "ढॅण्ण!" ते म्हणाले आणि साथीसाठी माझ्याकडे बघून हसले.

मी साथ दिली नाही.

"झालं?" बहीण म्हणाली. ती त्यांच्याकडेच बघत होती. "दोन राह्यले तुमचे. ते बी वाजवून घ्या. मंग मी बोलते."

बाबांचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. ते पलंगाच्या कडेवर तिच्या शेजारी बसले, आणि तिची ती लाल बोटं त्यांना दिसली असावीत, कारण ते बराच वेळ तिथेच बघत होते.

"बोल," ते म्हणाले.

ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभरा. मुलगा काय म्हणाला ते, जाळीखालच्या रोपांचं, अकोटच्या माणसांना तिने दिलेल्या शब्दाचं. मधेच बाबांनी विचारलं, "हे तू मले आधी काहून नाई सांगतलं, बाई?" तिने मघाशी वर गेलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

दारावर थाप पडली. "चला हो, उशीर होऊन राह्यला!"

बाबा उठले. मी दारातून बाजूला झाले. बैठकीत तो भाग अजून चालूच होता, पडद्यावर नवरीने तोंड उघडलं होतं आणि वीज कडाडत होती. बाबांनी टीव्ही बंद केला. मग सगळ्या पाहुण्यांपुढे हात जोडून उभे राहिले.

"पाहुने, जरा थांबा," ते म्हणाले. "पोरगी बोलून राह्यली."