पेन्सिलीतला विक्रम

२००१ च्या हिवाळ्यातला शुक्रवार, आखातातल्या अल कुसैसचं मैदान. हजर: बास्केटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचे दोन संघ, दोन पंच, लीगचा सचिव म्हणून मी आणि एक गुणलेखक.

गुणलेखक मूळचा रत्नागिरीचा, इथे एका कारखान्यात स्टोअरकीपर. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे विजेते त्याला वर्षवार पाठ होते. दर वेळी लिहिण्याआधी तो पेन्सिलीचं टोक बोटावर तपासायचा. आमच्या लीगच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूने केलेल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याचाच होता, तो खेळायचा तेव्हाचा.

शेवटच्या मिनिटाला एका खेळाडूने लांबून बास्केट केलं. दोन गुण धरले तर त्या विक्रमाशी बरोबरी होत होती, तीन धरले तर तो मोडत होता. पंचांनी तीन बोटं दाखवली. गुणलेखकाने टोक तपासलं आणि तीन लिहिले.

"अंकल, तुमचा रेकॉर्ड गेला," खेळाडू हसले.

"जाऊ दे, हबीबी," म्हणत त्याने सही केली.

सगळे पांगल्यावर मला म्हणाला, "साहेब, त्याचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. दोनच गुण होते."

"मग पंचांना सांगायचं ना?"

"रेकॉर्ड दुसऱ्याचा असता तर सांगितलं असतं. खलास, तीनच ठेवा."

विक्रमांच्या वहीत मी नवं नाव पेन्सिलीने लिहिलं. त्यावर शाई फिरवायचं अजून राहिलंय.