दिगूचा उशीर

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, चार घोट पोटात गेल्यावर मित्रांपुढेही नाही. मन हलकं करायला सांगतोय असं समजू नका — हलकं व्हायचा मला हक्क नाही. सांगतोय, कारण मागच्या रविवारी देवपूरच्या मैदानावर मला शाल घातली. दिगूच्या नावाची फुटबॉल स्पर्धा, आणि पाहुणा कोण — तर मी. एकाने माइकवरून सांगितलं, मैत्री असावी तर यांच्यासारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल तिथेच फेकून द्यायला हवी होती. मी हात जोडले आणि खुर्चीत बसलो.

दिगू कोण, ते आधी सांगतो. दिगंबर — यावलचा, केळीवाल्यांच्या घरातला. पोरवयापासून ट्रकवर उभा राहून खालून येणारे केळीचे घड घ्यायचा. घड आदळला की केळीला डाग पडतो आणि माल जातो, म्हणून तो छातीशी घेताना अंग सैल सोडायचा. धुळ्याला बहिणीकडे शिकायला आला, पांझरा नदीपलीकडच्या देवपूरच्या संघात गोलकी झाला, आणि चेंडूही तसाच घेऊ लागला — आवाज न करता. आमचे जोरातले फटके त्याच्या पोटाशी जाऊन गप्प व्हायचे. संताप यायचा हो. मुरमाड मैदान, हातात मोजे नाहीत, कोपरं कायम सोललेली. तरी समोरून कुणी चेंडू घेऊन सुटला, की हा गोल सोडून थेट त्याच्या पायात झेपावायचा. नेमकं कधी निघायचं, हे त्याला जसं कळायचं तसं सबंध जिल्ह्यात कुणाला कळत नव्हतं.

मी पांझरेच्या अलीकडच्या, जुन्या धुळ्याच्या संघाचा. पुढे खेळायचो. संघ चालवायचे ते आमचे नाना प्रत्येक सामन्याआधी सांगायचे, "पहिले गोलकीले एकदा हालाव. मंग बाहेर निंघाले भ्याई तो." म्हणजे सुरुवातीलाच गोलकीला खांदा द्यायचा, की तो दिवसभर बिचकून राहतो. आमच्याकडे सगळेच हे करायचे आणि पंच काणाडोळा करायचे. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नानांनीच — नाही. नानांच्या आड मी पुष्कळ वर्षं लपलो. नानांनी खांदा सांगितला होता, आणि देवपूरशी झालेल्या त्या सामन्यात तो मी सुरुवातीलाच दिला होता. दिगू उठला, चड्डी झटकली, हसला.

त्या दिवशी भुसावळहून रेल्वेची माणसं आली होती. त्यांच्या संघाला खेळाडू हवे होते — म्हणजे नोकरीच. दिगूचं नाव त्यांच्या कानावर आधीच होतं. माझं कुणाच्याच नव्हतं. त्यात दिगूने पुन्हा पुन्हा माझ्या पायातून चेंडू काढून घेतला, आणि नदीपलीकडची पोरं नाव घेऊन माझी हुर्यो उडवायला लागली. त्याने माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. तो चांगला खेळत होता, एवढंच.

उत्तरार्धात मी एकटा पुढे सुटलो. दिगू निघाला. आणि — किती फिरवून सांगतोय मी — चेंडू त्याने घेतलेला होता. दोन्ही हातांत, छातीशी. मला तो स्वच्छ दिसत होता. वरून उडी मारून जायला जागा होती, वेळही होता. अशा उड्या मी रोज मारायचो. ती मारली नाही. गुडघा वर घेतला आणि त्याच्या कानशिलावर घातला. मुद्दाम. धूळ इतकी उडाली की लोकांना दिसलं ते एवढंच, दोघं आदळले.

हाच माझा गुन्हा, असं वाटलं ना? याहून हलकट गोष्ट पुढे आहे.

दिगू दवाखान्यात शुद्धीवर आला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद. त्याची बहीण — आम्ही तिला अक्का म्हणतो — चहा आणायला खाली गेली होती, उशाशी मी एकटाच होतो. त्याला त्या वेळचं काही आठवतच नव्हतं. मला म्हणाला, "मले निंघाले उशीर झाला का रे? खरं सांग."

आणि मी म्हणालो, "हो दिगू. जरा उशीरच झाला तुला."

जरा. केवढा दिलदार मी.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं. दिगूला फिट यायला लागल्या. रेल्वेने त्याला घेतलं नाही, मला घेतलं. भुसावळला नोकरी केली, घर बांधलं, निवृत्त झालो. दिगू देवपूरच्या मैदानावर पोरांना गोल राखायला शिकवत राहिला. आणि शिकवायचा काय? माझ्यासारखा उशीर करू नका. कानशिलावरचा वण दाखवायचा आणि चूक आपली होती म्हणायचा. मी सुट्टीत गेलो की मलाच समोर उभं करून ते सगळं करून दाखवायचा — हा असा आला, मी इथे होतो, मला तिथे असायला हवं होतं. मी मान डोलवायचो. कुणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर भांडायला उठायचा. एका माणसाला एक गोष्ट उत्तम येत होती. ती त्याला येतच नव्हती, असं मी त्याच्या गळी उतरवलं आणि जन्मभर त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. याला काय म्हणायचं? देवपुरात मैत्री म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात दिगू गेला, फिट येऊनच. त्याआधी सांगायला किती संध्याकाळी होत्या माझ्यापाशी. त्याने मला मारलं असतं, पुन्हा दारात उभं केलं नसतं. पण आपण चुकलो नव्हतो, एवढं तरी त्याला कळलं असतं. मी माझी अब्रू सांभाळत बसलो.

रविवारी कार्यक्रम संपल्यावर अक्का जवळ आली. थकली आता. माझा हात धरून म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तो मरेपर्यंत म्हनत राहिला, मले उशीर झाला. तू तर समोर व्हता. भलताच उशीर झाला व्हता का त्याले?"

आसपास कुणी नव्हतं. पोरं गोलची जाळी सोडत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी म्हणालो, "नाही अक्का. थोडासाच."