टेम्पोवालीचे वाटे

टेम्पोवाली पहिल्यांदा आमच्या दारात आली ती भाजी घेऊन नव्हे, शिवणवालीचं कपाट घेऊन. शिवणवाली आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येत होती. कपाट काही जिन्यात वळेना. दोन धडधाकट गडी नुसते हाशहुश करत उभे, तेव्हा या बाईनं पदर खोचला, गड्यांना त्यांच्या ताकदीबद्दल चार शेलके शब्द ऐकवले आणि कपाट उभं करून, तिरकं धरून वर चढवलं. मग घाम पुसत आमच्या पायरीवर बसली.

पायरीवर माझी नात भिंगरी बसलेली. हिला घरात भिंगरी म्हणतात, कारण एका जागी ठरत नाही. पण त्या दिवसांत ती ठरायला लागली होती, आणि मला त्याचीच काळजी होती. तिच्या वाटीत पाण्यात भिजवलेली बिस्किटं. टेम्पोवालीच्या पिशवीतून एक टोमॅटो घरंगळत आला. भिंगरीनं तो उचलला, कुणाला विचारलं नाही, देठासकट खाल्ला आणि मनगटावर ओघळलेला रस कोपरापर्यंत चाटला.

टेम्पोवाली बघत राहिली. मग मला म्हणाली, घरी भाजी होत नाही का? मी म्हटलं, होते की, होते तेव्हा होते. कपाट पोचवायला आलेल्या बाईपुढे घरची झाकली मूठ कशाला उघडायची? पण दार उघडं होतं आणि टोपली समोरच होती. टोपलीत कोंब फुटलेले बटाटे.

आता आमच्याकडची गोष्ट अशी. जुन्या गल्ल्या पाडल्या तेव्हा आम्हाला शहराच्या टोकाला या नव्या इमारतींत खोल्या मिळाल्या. मी नावं ठेवत नाही. भिंती कोऱ्या आहेत, नळाला पाणी आहे. फक्त बाजार मागेच राहिला. भाजीसाठी दोन बस बदलून जायचं, आणि जाणार कोण? लेक गोदामात खोकी भरायला उजाडताच जाते, ती दिवेलागणीला येते. माझे गुडघे फाटकापर्यंत साथ देतात, पुढे देत नाहीत. फाटकाशी दुकान आहे. तिथे रंगीबेरंगी पाकिटांच्या माळा लटकतात, पण हिरवं काय ते त्या पाकिटांवरच.

महिनाअखेर आली की मी म्हणायची, मला भूक नाही. लेक म्हणायची, मी कामावर खाऊन आले. दोघीही खोटारड्या, आणि दोघींनाही ते माहीत. ताट मात्र भिंगरीकडे सरकायचं, आणि त्यात असायचा भात आणि मीठ. दवाखान्यातल्या नर्सनं तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, पोरीच्या अंगात रक्त नाही, पालेभाजी द्या, फळं द्या. मी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

टेम्पोवालीचा नवरा आधी टेम्पो चालवायचा. त्याची पाठ धरली आणि तो अंथरुणाला खिळला. ही वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून 'डावीकडे घे, ब्रेक मार' सांगत आलेली, त्यामुळे शिकायचं काही उरलंच नव्हतं. नुसती जागा बदलली, असं ती सांगते. पहाटे मळेवाल्यांचा माल घाऊक बाजारात पोचवायचा. लिलाव आटोपला की जो माल विकला जात नाही, तो कुणी परत नेत नाही, कारण नेण्याचा खर्चच जास्त. कोपऱ्यात ढीग टाकतात आणि त्यावरून ट्रक जातात. "पालकावरून चाक गेलेलं मला बघवत नाही," असं ती म्हणायची. तिचा टेम्पो मात्र रिकामा परत जायचा, आमच्याच फाटकावरून.

पुढच्या गुरुवारी दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. टेम्पोतून क्रेट उतरले: पालक, कोबी, गाजरं, शेंगा, थोडे मऊ पडलेले टोमॅटो. मळेवाल्यांना विचारून, धुळीत पडण्याआधी उचललेले. दाम काही नाही, असं ती म्हणाली. आमच्या बायका फुकट म्हटलं की आधी मागे सरतात. शिवणवालीनं विचारलं, निवडणूक आहे का कसली? टेम्पोवाली म्हणाली, "आहे ना, पालकाची. निवडा आणि न्या."

क्रेट जिन्याखाली सावलीत ठेवले आणि बाई टेम्पोत जाऊन आडवी झाली. पाय खिडकीबाहेर, तोंडावर रुमाल. मला वाटलं, दमली असेल. नंतर कळलं, ती मुद्दाम जायची. कुणी बघत असलं की माणसाचा हात पुढे होत नाही, हे तिला कळत होतं. तासाभरानं उठायची, क्रेट उचलायची आणि जायची.

त्या संध्याकाळी आमच्या घरी पालक शिजला. लेक दारातून आत आली आणि वासानंच थबकली. हात धुऊन ताटावर बसली, कामावर खाऊन आले असं म्हणाली नाही.

असे गुरुवार येत राहिले. पण टेम्पोवाली हळूहळू गप्प होत गेली. आधी हॉर्नच्या जोडीला तोंड वाजायचं, आता नुसता हॉर्न. माल कमी यायला लागला. आणि एका गुरुवारी ती झोपायला गेली नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली की रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीत विचारणा झालीय, पुढच्या आठवड्यापासून ती तिकडे जाणार.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी विचारलं, आमचं काय चुकलं?

"चुकलं काही नाही, आजी. तुम्हाला माल लागत नाही. दर वेळी क्रेटमध्ये उरलेला असतो, आणि उरतो तो चांगलाच. कडक गाजरं, लाल टोमॅटो. मी मळेवाल्यांपुढे हात पसरून आणायचं आणि इथे ते सुकायचं. ज्यांना नको त्यांच्या दारात कशाला ओतू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला हसावं का रडावं कळेना. मी तिला सांगितलं ते असं. शिवणवाली चांगले टोमॅटो उचलत नाही, कारण वॉचमनची बायको बाळंतीण आहे, तिला राहू देत. वॉचमनची बायको ते उचलत नाही, कारण शिवणवालीची चार पोरं आहेत, त्यांना राहू देत. मी दोघींसाठी सोडते, कारण माझी एकच नात. प्रत्येक जण वरवरचं, मऊ पडलेलं तेवढं उचलतं आणि पुढचीसाठी मागे सरतं. शेवटचं तर कुणीच घेत नाही, लोक हावरट म्हणतील. इतकी वर्षं ताट दुसऱ्याकडे सरकवायची सवय, ती भरल्या क्रेटसमोर उभं राहून जाते थोडीच?

टेम्पोवाली माझ्याकडे वळली. "म्हणजे माझे टोमॅटो तुमच्या चांगुलपणानं नासले?"

"हो गं बाई."

"आणि मी घरी जाऊन नवऱ्याला सांगतेय की लोक माजलेत."

ती उठली. क्रेट जिन्याखालून ओढून भर अंगणात आणले आणि सगळ्यांना खाली बोलावलं. तिच्या आवाजाला वरचा मजला जवळच. घाऊक बाजारात हमाल लोक उरलेला माल वाटून घेतात, त्याची एक रीत आहे. मालाचे सारखे वाटे मांडायचे. एकानं पाठ फिरवून बसायचं. दुसऱ्यानं वाट्याला हात लावून विचारायचं, हा कुणाचा? पाठ फिरवलेल्यानं नाव सांगायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. चांगला-वाईट निवडायला कुणाला वावच नाही.

पण तिनं त्यात एक बदल केला. वाटे घरांचे नाहीत, पोरांचे. जितकी पोरं तितके वाटे, मग चार असोत की एक. बायकांकडे बोट रोखून म्हणाली, "स्वतःचा घास दुसरीला द्यायचा तर खुशाल द्या. पोराच्या नावाचा वाटा द्यायचा हक्क आईला नाही. आजीलाही नाही."

शिवणवाली खाली बसली आणि वाटे मांडायला लागली.

पाठ फिरवून बसायला तिनं मला निवडलं. म्हणाली, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चोरून बघितलंत तरी काही दिसणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागे पोरांचा कलकलाट.

"हा कुणाचा?"

"ढब्बूचा," मी म्हटलं. तो शिवणवालीचा मधला.

"हा कुणाचा?"

"चष्मिसचा." "भिंगरीचा." "बाळाचा." बाळाला दात नव्हते, पण वाटा होता. तो आईच्या पोटात जायचा आणि मग बाळाला पोचायचा, टेम्पोवालीनं तसं बजावलंच होतं. ज्याचं नाव निघेल ते पोर पुढे धावायचं, वाटा कवटाळायचं, आणि त्याच्या आईला काही सोडायची सोयच उरायची नाही. माझ्या पाठीमागे गाजर कडकन चावल्याचा आवाज आला. ते न धुताच खाल्लं म्हणून शिवणवालीनं धपाटा घातल्याचाही आला.

सगळी नावं संपली तरी आवाज आला, "हा कुणाचा?"

एक वाटा जास्तीचा झाला होता. पोरं मोजताना कुणीतरी एका जिन्यावरून पळून दुसऱ्यावर जाऊन उभं राहिलं असणार. मग हळूच सुरू झालं. तू घे गं. नाही गं, तू घे, तुझ्याकडे बाळंतीण. माझ्याकडे कसली बाळंतीण, मीच बाळंतीण, तू घे.

टेम्पोवालीनं पुन्हा विचारलं. या वेळी तिच्या आवाजात जरब होती. हा वाटा इथेच पडून राहिला तर बाई काय समजायचं ते समजेल, हे मला पाठ फिरवूनही दिसत होतं.

"टेम्पोवालीचा," मी म्हटलं.

"मी काय पोर आहे?"

"माझ्यापुढे आहेस."

सगळ्या बायका हसल्या. ती नको नको म्हणाली, सकाळपासून भाजीच वाहतेय म्हणाली, नवऱ्याला कोबी चालत नाही म्हणाली. मी तोंड न वळवता तिला सांगितलं की तुझ्या नावाचा आहे, सोडायचा हक्क तुला नाही. मग शिवणवालीनंच वाटा ओच्यात भरून नेला आणि टेम्पोत तिच्या शेजारच्या सीटवर ओतला. त्यातलेच दोन चांगले टोमॅटो वर ठेवले, आपल्या पोरांच्या वाट्यातले नव्हेत, हे बजावून.

टेम्पोवाली बराच वेळ चावी शोधत बसली. चावी तिच्या हातातच होती. मग म्हणाली, पलीकडच्या वस्तीत सोमवारी जाईन. गाडी सुरू केली, पोरांना चाकापासून लांब व्हा म्हणून ओरडली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून बायकांना म्हणाली, "गुरुवारी पिशव्या घेऊन या. आणि त्या नवऱ्याला कोबी कसा करून घालू, ते कुणीतरी सांगा."